सुर्वेबाई आणि पाहुण्यांचे बूट

खो-खोच्या मैदानावर खडी टाकायला सांगणारी बाई आख्ख्या कोकणात एकच जन्माला आली असेल, आणि ती मी. पोरी जिथं अनवाणी धावतात, पोटावर सूर मारतात, त्या लाल मातीकडे बोट दाखवून मी भर सभेत म्हणाले, "बारीक खडी पसरून घ्या हो. साड्यांना नि पाहुण्यांच्या बुटांना माती लागायला नको." टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे अक्कल यायला पुरेसं वय झालेलं होतं. पण मी महिला मंडळाची अध्यक्ष होते, मुलींच्या शाळेच्या समितीवर होते, आणि रत्नागिरीत पाच-सहा देशांचे खो-खो संघ येणार म्हणून नेमलेल्या स्वागत समितीचं ओळखपत्र माझ्या गळ्यात होतं. ते मी आंघोळीपुरतं काढत असे. मासळी आणायला गेले तरी गळ्यात. मासेवालीनं एकदा वर बघून विचारलंन, "काय गो बाय, मीटर बघायला आलीस?" मला वाटलं, हिला काय कळतंय. आपण देशाचं काम करतोय.

असो. माझं पुराण नको. लिहायचंय ते सुर्वेबाईंबद्दल.

सुर्वेबाई आमच्या आळीत, आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या, पण शाळेमागच्या मैदानावर जाणं काही त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकाला उन्हाचा त्रास होता, त्यामुळे त्याचीही हरकत नव्हती. बाई बुटक्या, रुंद, मान जवळजवळ नव्हतीच. आवाज मात्र असा, की मैदानावर "खोऽ" ओरडल्या की माझ्या स्वयंपाकघरात मी हातातली पळी खाली ठेवायची. त्यांच्या टाचांच्या भेगांत लाल माती कायमची बसलेली होती. लग्नाला जाताना जरीची साडी नेसत, अत्तर लावत, आणि साडीखालून त्या दोन लाल टाचा दिसत. मी एकदा हसत म्हटलं, "बाई, जरा दगडानं घासा की." तर म्हणाल्या, "तू तोंडाला पावडर लावतेस, मी काही बोलते?"

स्वभाव गोड होता असं म्हणणार नाही. पोरींना "भवाने" खेरीज हाक नाही. कौतुकाचा शब्द एकच, "बरं होतं," आणि तोही वर्षातून एखाद्या पोरीच्या वाट्याला. उलट "शी" मात्र त्यांच्याकडे अनेक तऱ्हांची होती. चुकीचा खो दिला तर तुटक "शी". निवड समितीतल्या कुणी भाचीला संघात घुसवलं की लांबलचक, नाकातून येणारी. आणि सगळ्यात वाईट ती बिनआवाजाची. खालचा ओठ किंचित बाहेर यायचा, बस्स. ती बहुधा माझ्यासाठीच राखून ठेवलेली असावी.

पोरींना सांगायच्या, "सूर मारताना तोंड मिटा, नाहीतर माती खाल. खाल्लीत तर गिळा. आपलीच आहे."

त्या मैदानाचा एक नेम होता. चपला बाहेर. कोणीही असो. एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले, बुटांसकट तडक आत निघाले. बाईंनी शिट्टी फुंकली. साहेब दचकून थांबले. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या टाचेचा एक खळगा पडला की माझ्या एका पोरीचा घोटा जातो. काढा." साहेबांनी बूट काढले. एका मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर आलेला. पोरी खाली माना घालून थरथरत होत्या. बाईंच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. साहेब गेल्यावर म्हणाल्या, "हसता काय भवान्यांनो. त्यानं काढले तरी. उद्या न काढणारे येतील."

दसरा झाला, पाऊस मागं फिरला, की बाई मैदान करायला घेत. आपण घरापुढचं खळं करतो तस्संच. पावसानं धुपलेली जमीन उकरायची, नवी माती चाळून घालायची, पाणी मारून तुडवायची, आणि मग ओळीनं बसून लाकडी चोपण्यांनी चोपायची. पोरी यायच्या, पोरींच्या आया यायच्या. बाई सगळ्यांना उकड्या तांदळाची पेज नि लोणचं द्यायच्या. मला दरवर्षी बोलावणं असे आणि माझी दरवर्षी नेमकी कंबर धरायची. सगळं झाल्यावर बाई उकिडव्या बसून मैदानभर तळहात फिरवीत जायच्या, ताटातले तांदूळ निवडावेत तशा. बारीकसा खडा लागला तरी उचलून ओच्यात. मी कुंपणाबाहेर उभी राहून बघायची आणि मनात म्हणायची, काय ही बाई, जगाला किती पुढे जायचंय आणि ही खडे वेचतेय.

त्या वर्षी बाईंच्या हाताशी मनाली म्हणून एक पोर होती. आतल्या गावची, बाप मुंबईला कामाला, आई शेती बघायची, पोर शिकायला म्हणून इथं मावशीकडे. काटकुळी, बोलायची नाही. पण खांबाला वळसा घालून ती अशी सुटायची, की पकडणारीच्या हाताला नुसती हवा लागायची. बाईंनी एवढ्या वर्षांत राज्याच्या संघात एकही मुलगी पोचवली नव्हती. जवळ जायच्या आणि राहायच्या. ही पोचेल, असं त्यांना वाटत होतं. तसं म्हणाल्या नाहीत. पण तिला रोज स्वतःच्या घरचं एक अंडं उकडून आणायच्या, आणि बाई स्वतः अंडं खात नसत. मी एवढ्यावरून ओळखलं. निवड चाचणी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी होती. स्पर्धा तिच्या थोड्या आधी.

स्पर्धेसाठी गावाबाहेर सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, मोठा बंदिस्त हॉल बांधला होता. लाकडी जमीन, वर मॅट, दिवे असे की दुपारीही लावावेत. पण उद्घाटनाचा मांडव आणि पाहुण्यांची जेवणावळ गावात हवी होती, आणि गावात मोकळी, सपाट, सुबक जागा एकच. ती सुबक कुणी ठेवली होती, हे कोणी विचारलं नाही.

बाईंना पटवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी ओळखपत्र सरळ करून त्यांच्या पडवीत जाऊन बसले.

"बाई, देशाचं नाव होणार आहे."

"देशाला नाव आहे की आधीच."

"रस्ते होतील."

"कुणासाठी?"

"पाहुण्यांसाठी. पण पाहुणे गेल्यावर राहतील ते आपल्यालाच ना?"

"पाहुण्यांनी टाकलेलं काय राहतं गो आपल्याला? उष्टं."

मी म्हटलं, "असं कसं बोलता? हॉटेलं चालतील, रिक्षावाल्यांचं भलं होईल. बाहेरच्या देशातली माणसं आपलं गाव बघतील. आपल्या पोरींना केवढं शिकायला मिळेल!"

"आपल्या पोरी खेळणार आहेत का त्यात?"

"खेळणार नाहीत, पण स्वागताला आहेत. मी स्वतः नावं घातली त्यांची. मनालीचंसुद्धा."

खालचा ओठ बाहेर आला. मला चहा न देता बाई आत गेल्या, आणि आत जाऊन नारळ खवायला बसल्या. मी थोडा वेळ खवणीचा आवाज ऐकत बसले आणि उठले.

मग शाळेच्या समितीची सभा झाली. सभासदांची निम्मी डोकी इकडे, निम्मी तिकडे. अध्यक्ष होते नाना, भला माणूस, पण स्वतःचं मत द्यायची पाळी आली की त्यांना खोकला यायचा. खोकून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "मुलींची शाळा आहे. ताई, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही नको म्हणालात तर मी तसं कळवतो, दुसरी जागा बघतील." बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांना सभेत मत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी हो म्हणाले. नुसतं हो म्हणून थांबले असते तरी मैदान कदाचित वाचलं असतं. मांडवाचे खड्डे बुजवता येतात. पण माइक हातात होता ना! मग ते खडीचं बोलले. वर सांगितल्या त्या टाळ्या इथल्या.

आता आठवलं की किळस येते. त्या दिवसांत आमचं गाव कसं दिसत होतं ते सांगते. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बाजूनं डांबर पडलं, पाहुण्यांच्या गाड्या ज्या बाजूनं येणार त्या. जायची बाजू तशीच. मासे सुकवतात तिथं उंच हिरवं कापड बांधलं आणि बायकांना सांगितलं, पाहुणे असेपर्यंत सुकवू नका, वास येतो. ताजे मासे बायकांनी पडत्या भावात विकले आणि उरलेले पुरले. मग वास आलाच, निराळा. भटकी कुत्री गाडीत घालून दूर कुठेतरी सोडली. ती पाहुण्यांच्या आधीच परत आली. भिंतींवर धावणारी माणसं रंगवली होती, सगळ्यांना गुडघे उलटे. आणि मी, केसांना मेंदी लावून, या सगळ्यातून हिंडत होते आणि जो भेटेल त्याला म्हणत होते, "बघा, कसं रूप पालटलं!"

उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले. भाषणं झाली. पोरींची लेझीम झाली. पाहुण्यांनी खडीवरून चालत येऊन आमच्याकडून ओवाळून घेतलं. त्यांच्या बुटांना एक कण माती लागली नाही. झालं एकदाचं माझ्या मनासारखं.

सामने मात्र फार चांगले झाले. हे लिहायलाच हवं, कारण बाईंनीच मला तसं बजावलं होतं. पास त्यांना कुणी दिला नव्हता. मंडळातल्या बायकांना मात्र पुढच्या रांगेचे मिळाले होते, आणि जेवणाची पाकिटं हातात पडल्यावर त्या रांगा ओस पडल्या. अशाच एका रिकाम्या खुर्चीत, माझ्या शेजारी, बाई येऊन बसल्या. कशा आत आल्या विचारलं तर म्हणाल्या, "खेळाडूंच्या दारानं. कुणी अडवलं नाय. चालण्यावरून कळतं."

समोर दोन परके संघ. रंगानं, उंचीनं, सगळ्यानं वेगळ्या पोरी, पण खेळ तोच. बाई आधी हाताची घडी घालून बसल्या होत्या. मग घडी सुटली. मग पुढे झुकल्या. आणि एकदम उभ्या राहून त्या परक्या पोरीला ओरडल्या, "खांब सोडू नको गो! खांब सोडू नको!" पोर दचकली, इकडे बघितलंन. कुठल्या देशाची होती कोण जाणे, मराठीचा गंध असणं शक्य नव्हतं. पण पुढच्या फेरीत तिनं खांब सोडला नाही. तिघींना झुलवत राहिली. बाईंचे डोळे भरून आले होते. मला म्हणाल्या, "बरं होतं."

वर्षाचं कौतुक तिथं खर्च झालं.

तेवढ्यात बाईंचं लक्ष कडेला गेलं. मनाली तिथं उभी होती. डोक्याला छापील टोपी, हातात ताट, ताटात खेळाडूंसाठी टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या. मैदानाकडे पाठ. तोंड पाहुण्यांकडे ठेवायचं, असं पोरींना सांगितलं होतं. सांगणारी मीच. बाई खाली उतरल्या, मनालीच्या हातातून ताट काढून घेतलं, तशाच वर आल्या आणि माझ्या हातात दिलं.

"धर. हे तुझं काम आहे. तिला बघू दे."

एवढ्या लोकांत तमाशा नको, म्हणून मी धरलं. सामना संपेपर्यंत टॉवेल वाटले. एका खेळाडूनं घाम पुसून टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. ओळखपत्र त्याच्याखाली झाकलं गेलं. मनाली माझ्या खुर्चीत बसून, टोपी मांडीवर ठेवून बघत होती. बाई तिच्या कानाशी लागून एकेक गोष्ट सांगत होत्या.

परतताना बाई म्हणाल्या, "खेळाला नावं ठेवू नकोस हां, शालू. खेळ छान होता. आलेल्या पोरींचाही दोष नाय. शी आहे ती आपल्या लोकांची."

पाहुणे गेले. मांडव सुटला. मैदानावर उरलं ते असं: पत्रावळी, नासलेला भात, कोंबडीची हाडं, चुरगळलेल्या बाटल्या, आणि खडी. हिरवं कापड कुणीतरी गोठ्याला नेलं. खडी न्यायला मात्र कुणी आलं नाही. कंत्राटदार म्हणाला, टाकायचं काम माझं होतं, काढायचं नव्हतं. नाना खोकले. मी चार जणांना फोन केले. स्पर्धा संपली तशी समितीही संपली होती, आणि माझं ओळखपत्र आता खरोखरच मीटर बघण्याच्या सुद्धा कामाचं नव्हतं.

बाई आणि पोरी खडे वेचत होत्या. पाट्याच्या पाट्या भरून कुंपणाबाहेर टाकत होत्या. मी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी खरोखरच कंबर धरली, पण आता ते कोण खरं मानणार? वर दिसणारी खडी निघाली. मांडवासाठी रोलर फिरवून जी खाली दाबली होती ती निघेना. चाचणी जवळ आलेली. सड्यावरचा हॉल मागायला बाई गेल्या, तर त्याला कुलूप; किल्ली कुणाकडे ते एकालाही ठाऊक नाही. म्हणून त्या मैदानावरच, जेवढा भाग साफ वाटला तेवढ्यात, सराव सुरू केला.

मनालीनं सूर मारला आणि उठली नाही. मातीत दडलेल्या खडीच्या टोकानं गुडघा वाटीपासून फाडला होता. मी घरातून बाईंचा आवाज ऐकला. तो "खो" नव्हता. बाईंनी तिला पाठुंगळीला मारून रिक्षापर्यंत नेली, त्या वयात. टाके पडले. गावाहून आई आली, बाईंच्या दारातच उभी राहिली. "लग्नाची पोर हाय बाई. लंगडी घेऊन जाऊ काय मी?" आई पोरीला गावाला घेऊन गेली. चाचणी झाली, दुसऱ्या कुणाची तरी निवड झाली. हळूहळू इतर आयांनीही आपापल्या पोरी बंद केल्या. त्या दसऱ्याला मैदान करायला कोणी आलं नाही. बाई एकट्याच चोपणं घेऊन गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस हॉल उघडा सापडला म्हणून बाई मला घेऊन गेल्या. आमच्याकडचा पाऊस काय, लाकडाचं काय करतो, हे बांधणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं. जमीन फुगून लाटांसारखी झालेली. मॅट कुजलेली, वास असा की पदर नाकाला. एका कोपऱ्यात फळ्यांच्या फटीतून पांढरीशुभ्र अळंबी वर आलेली. बाई खाली वाकून बघत राहिल्या.

"घे," म्हणाल्या, "काहीतरी उगवलं."

फायदा कुणालाच झाला नाही असं कशाला म्हणू? स्टँडजवळच्या लॉजवाल्यानं त्या कमाईत आणखी एक मजला चढवला. तो अजून म्हणतो, असं वरचेवर व्हायला पाहिजे. तो देशात मोडत असेल तर देशाला फायदा झाला. हॉलमध्ये हल्ली नवी फरशी घालून लग्नं लावतात. रस्त्याच्या एका बाजूला खड्डे कमी आहेत.

बाई नंतरही आळीतच होत्या. माझ्याशी बोलणं टाकलं नाही. आंबे आले की पेटीतले चार पाठवत. मला वाटे, एक दिवस हिच्यापुढे नाक घासावं, पण जीभ रेटत नसे. गप्पा कोकमाच्या, पावसाच्या, गुडघ्यांच्या. गुडघ्यांवर आलो की बाई उठून नारळ खवायला बसत.

गेल्या वर्षी त्यांना एकट्यानं झेपेना, म्हणून खेडहून भाचा न्यायला आला. मी एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले. त्या सुमारास आमच्याकडे टीव्हीवर रोज चर्चा, जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रीडास्पर्धा आपल्या देशात भरवायच्या की नाही. माझा मुलगा हो म्हणणाऱ्यांतला. मी त्याच्याशी तावातावानं भांडले होते. ते बाईंना सांगायला मी अगदी फुरफुरत होते.

गाडी लागली. भाच्यानं सामान चढवलं. बाई खिडकीत बसल्या, किती लहान झाल्या होत्या. मी खाली उभी राहून म्हटलं, "बाई, मी घरात स्पष्ट सांगून टाकलंय. नको म्हणजे नको. आधी पोरींना खेळायला जागा द्या, मग जगाला बोलवा. टीव्हीवाल्यांनी येऊन विचारलं तरी मी नाहीच म्हणेन. ठाम."

मला वाटलं, आज तरी "बरं होतं" मिळेल.

कंडक्टरनं घंटी ओढली. बाईंनी खिडकीच्या गजावरून हात पुढे काढला, माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "शालू, आता तुला विचारतंय कोण गो? विचारलं होतं, तेव्हा नाही म्हणायचं होतंस."